आखातात नोकरी, घरात शब्बाथ: ठाण्याहून निघणाऱ्या बेने इस्रायलांसाठी

ऑफर लेटर आलं की घरात आधी पगार, मग राहण्याची सोय, मग तिकीट कोण काढणार याची चर्चा होते. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू, घरात त्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात. देश कोणता, आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी. शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत असतो.

'आखातात चाललोय' एवढं म्हणून भागत नाही, कारण तिथल्या प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. अबू धाबीत सादियात बेटावर २०२३ मध्ये सरकारच्या पुढाकाराने मशीद, चर्च आणि मोसेस बेन मैमोन सिनेगॉग एकाच आवारात उघडलं. बहारीनच्या राजधानीत, मनामात, जुनं सिनेगॉग आणि ज्यू कब्रस्तान आहे. तिथल्या हुदा नूनू या ज्यू बाई २००८ ते २०१३ अमेरिकेत बहारीनच्या राजदूत होत्या. कुवेत आणि सौदीत सिनेगॉग नाही. सौदीत मुस्लिमेतरांना सार्वजनिक उपासनेची परवानगीच नाही; जे करायचं ते घरात. दोन ऑफर हातात असतील आणि पगारात फार फरक नसेल, तर अमिरात किंवा बहारीन निवडा. आठवड्याला मिनियान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, मिळण्याची शक्यता तिथेच आहे.

वार आणि करार

सुट्टीच्या बाबतीत आखात आपल्याला ठाण्यापेक्षा सोयीचं आहे. सौदी, कुवेत, कतार, बहारीन, ओमान इथे सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवार. अमिरातीने जानेवारी २०२२ पासून सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस केला. शारजात शुक्रवार ते रविवार तीन दिवस. खासगी कंपन्या मात्र हे पाळतीलच असं नाही. बांधकाम, दुकानं, हॉटेलं, दवाखाने इथे आठवड्याला एकच सुट्टी असते आणि ती कुठल्याही वारी येऊ शकते.

म्हणून सही करण्याआधी 'साप्ताहिक सुट्टी: शनिवार' हे शब्द करारात घालून घ्या. तोंडी आश्वासन पहिला मॅनेजर बदलेपर्यंत टिकतं. बदल्यात द्यायला तुमच्याकडे चांगली गोष्ट आहे: ईदच्या दिवसांत ड्युटी करायची तयारी. दोन्ही ईदला सगळ्यांना रजा हवी असते आणि माणूस मिळत नाही, त्यामुळे हा सौदा बहुतेक साहेबांना पटतो. दुसरी अट शुक्रवारच्या संध्याकाळची. दुबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सहाला सुटणारं ऑफिस त्या महिन्यांत शब्बाथ चुकवणारच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शुक्रवारी दोन तास आधी सुटी आणि ते तास इतर दिवशी भरून काढणं, हेही लेखी घ्या.

सणांच्या तारखा रुजू होतानाच द्या. योम किप्पूर, म्हणजे पंचवीस तासांच्या उपासाचा दिवस, आजीच्या भाषेत दारफळणीचा सण, २०२६ मध्ये २१ सप्टेंबरला आणि २०२७ मध्ये ११ ऑक्टोबरला आहे, दोन्ही सोमवार. रोश हशाना (नवं वर्ष) त्या दोन्ही वर्षी शनिवार-रविवारी येतो, त्यामुळे अमिरातीतल्या ऑफिसवाल्यांची एकही रजा जात नाही. अमिरातीच्या कायद्यात वर्ष पूर्ण झाल्यावर ३० दिवसांची वार्षिक रजा आहे, सहा महिने ते वर्ष या काळात महिन्याला दोन दिवस. योम किप्पूरचा दिवस त्यातूनच काढायचा. उन्हात काम करणाऱ्याने हे टाळू नये. अमिरातीत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, पण ती १५ जून ते १५ सप्टेंबर. योम किप्पूर त्यानंतर येतो, ऊन मात्र तसंच असतं. पंचवीस तास पाण्याशिवाय साइटवर उभं राहणं हा उपास नव्हे, अपघाताला आमंत्रण आहे.

ठाण्यातच उरकायचे कागद

पहिला कागद लग्नाचा. बायको-मुलांना नंतर बोलवायचं असेल तर केतुबा (धार्मिक विवाहपत्र) कुठल्याही वकिलातीत चालत नाही. लग्न सिनेगॉगमध्ये लागलेलं असलं तरी महापालिकेकडे त्याची नोंदणी करून विवाह प्रमाणपत्र घ्या. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते. त्यावर पुढचे शिक्के देशाप्रमाणे: बहारीन, ओमान, सौदी यांना अपोस्टील (परदेशात चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा खास शिक्का) पुरतं, अमिरात, कुवेत आणि कतारला परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का झाल्यावर त्या देशाच्या वकिलातीचाही लागतो. पदवीच्या प्रमाणपत्रालाही हाच रस्ता.

दुसरा कागद टेंभी नाक्याच्या शार हाशमाईम सिनेगॉगच्या विश्वस्तांचं पत्र. १८७९ पासूनची ही संस्था आहे, तिच्या लेटरहेडला बाहेर वजन आहे. पत्रात तुमचं आणि वडिलांचं नाव पासपोर्टमधल्या स्पेलिंगने हवं. आपल्यात गडबड इथेच होते: सिनेगॉगच्या वहीत शलोम, शाळेच्या दाखल्यावर सॉलोमन, पासपोर्टवर तिसरंच काही. पत्रात 'हे तिन्ही एकच' असं एक वाक्य घालून घ्या आणि दोन मूळ प्रती सहीनिशी घ्या. परदेशातल्या सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा जाताना सुरक्षेसाठी चौकशी होते, तेव्हा हे पत्र पुढे करायचं. पुढे लग्न किंवा दफनाची वेळ आली तरी तेच लागतं.

तिसरी गोष्ट पासपोर्ट. दहावी पास नसाल तर तो ईसीआर, म्हणजे 'जाण्याआधी तपासणी आवश्यक', प्रकारचा असतो आणि आखाती देशात नोकरीला जाण्याआधी ई-मायग्रेट पोर्टलवरून परवानगी लागते. सोबत प्रवासी भारतीय विमा काढला जातो: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला दहा लाखांचं संरक्षण. ईसीआर नसला तरी हा विमा मिळतो का ते विचारून बघा, इतक्या पैशांत दुसरा मिळत नाही.

इस्रायलला जाऊन आलेल्यांसाठी: तिथे विमानतळावर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, वेगळी चिठ्ठी देतात. पण जुन्या पासपोर्टात इस्रायली व्हिसाचा स्टिकर असू शकतो. अमिरात आणि बहारीनला इस्रायलशी झालेल्या २०२० च्या करारांनंतर त्याचं काही वाटत नाही. कुवेत, लेबनॉन, सीरिया, येमेन, इराण इथे तो अडतो. जॉर्डन किंवा इजिप्तच्या जमिनीवरच्या सीमेचा शिक्काही तेच सांगतो. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर या देशांसाठी अर्ज करण्याआधी तो वागळे इस्टेटच्या केंद्रात नव्याने काढा. अर्जात 'इस्रायलला गेला होतात का' असा थेट प्रश्न असेल तर मात्र उत्तर खरंच द्यायचं.

आणि धर्माचा रकाना. काही देशांच्या व्हिसा अर्जात तो असतो. आडनाव पेणकर, रोहेकर, तळकर असं असलं की एजंट हमखास सुचवतो, हिंदू लिहून टाका, कोण बघतंय. लिहू नका. सरकारी अर्जातली खोटी माहिती हे व्हिसा रद्द व्हायला पुरेसं कारण आहे, आणि उद्या तिथल्या ज्यू समाजाची मदत लागली तर तुमचेच कागद तुमच्याविरुद्ध उभे राहतात. 'ज्यू' लिहायची भीती वाटावी असा देश असेल तर तो देशच सोडा.

सामान

मराठी भाषांतर असलेला एक सिदूर (प्रार्थनापुस्तक), तफिलिन (प्रार्थनेत बांधायच्या चामडी डब्या), सिसिथ (झालरीचं वस्त्र), एक छोटा मेझुझा (दाराच्या चौकटीला लावायची पवित्र लेखाची डबी). सगळं खासगी वापरापुरतं, एकेक नग. सौदीत स्वतःच्या वापराचं धर्मपुस्तक चालून जातं, पण दहा प्रती नेल्या तर वाटायला आणल्या असा अर्थ निघतो, आणि धर्मप्रसार हा तिथे गुन्हा आहे. तफिलिन हातातल्या बॅगेत ठेवा. स्कॅनरवर काळ्या डब्या आणि चामड्याचे पट्टे दिसले की बॅग उघडायला लावतात. 'प्रार्थनेची वस्तू' एवढंच शांतपणे सांगायचं, डबी उघडून दाखवायची वेळ सहसा येत नाही.

मेझुझाची घाई नको. भाड्याच्या घराला परदेशात पहिले ३० दिवस तो बंधनकारक नाही, तेवढ्यात घरमालक आणि शेजार कळतो. भिंतीला भोक पाडायला करारात बंदी असते, म्हणून दुहेरी टेपने चिकटवा. आत शिरताना उजवीकडे, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला. बाहेरून दिसू नये असं वाटत असेल तर चौकटीच्या जाडीत आतल्या अंगाला बसवा. बेड-स्पेसवर चौघांत राहत असाल तर लावू नका, तो दरवाजा तुमचा एकट्याचा नाही.

जांभळी नाक्यावरून तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा, सुरी आणि विळी. भांडी स्वतःची असली की निम्मे प्रश्न उरत नाहीत. अमिरात, कुवेत, बहारीनमध्ये चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो. दोन अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या.

शुक्रवार संध्याकाळ

वेळ काढायला वेगळं कॅलेंडर हाताशी नसलं तरी चालतं. मगरिबची अजान सूर्यास्ताला होते आणि तिची वेळ प्रत्येक मोबाइलवर, प्रत्येक लिफ्टमधल्या पडद्यावर असते. शब्बाथचे दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचे. छापील वेळेत खबरदारीची दोन-तीन मिनिटं मिळवलेली असतात, म्हणून मगरिबमधून २२ मिनिटं वजा करा. अजान ऐकून काडी ओढलीत तर उशीर झालेला असतो. शनिवारी रात्री याच्या उलट चूक होते: लोक इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, अजानेपर्यंत थांबतात. तीन तारे त्याच्या बरेच आधी दिसतात, मगरिबनंतर साधारण ४० मिनिटांत हव्दाला (शब्बाथ संपवण्याचा विधी) करता येतं.

प्रार्थनेची दिशा. ठाण्याहून यरुशलेम साधारण २९८ अंशांवर येतं, दुबईहून २९५ वर, म्हणजे दोन्हीकडून पश्चिम-वायव्य. हॉटेलच्या खोलीत छताला किब्ल्याचा बाण असतो, तो मक्केकडे. दुबईत त्या बाणापासून उजवीकडे सुमारे ३७ अंश वळलात की तुमची दिशा मिळाली. मनामात हा फरक ५० अंश होतो, कुवेतमध्ये ६०. सरावाने हे डोळ्यांनीच जमतं.

दिवे शेअरिंगच्या खोलीत अडचणीचे ठरतात. छताला धुराचा सेन्सर असतो आणि उघडी ज्योत ठेवायला बंदी असते. अॅल्युमिनियमच्या वाटीतल्या छोट्या मेणबत्त्या खोल काचेच्या ग्लासात, स्टीलच्या ताटावर, पडद्यापासून लांब ठेवा. त्या साधारण चार तास जळतात, तेवढा वेळ खोलीत कोणीतरी हवं. बंदी कडक असेल तर बॅटरीच्या दिव्याबद्दल निघण्याआधी आपल्या हाजानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारून घ्या, ऐन वेळी फोन करून नव्हे.

किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाचं, उत्तर आपल्याकडे तयार आहे. कोकणात वाइन मिळत नव्हती तेव्हापासून आपण काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश करतो, आणि दारूबंदीच्या देशात हीच चाल उपयोगी पडते. कुवेत, सौदी आणि शारजात दारूबंदी आहे. कोशेर (आपल्या धर्मनियमांत बसणाऱ्या) वाइनची बाटली ही तिथे दारूचीच बाटली. धार्मिक कारण सांगून कस्टममधून सुटका होत नाही.

सरबताचं प्रमाण: पाव किलो काळ्या मनुका, पाऊण लिटर पाणी. मनुकांवर तेलाचा हात फिरवलेला असतो, तो जाण्यासाठी कोमट पाण्याने दोनदा धुवा, देठं काढा. गुरुवारी रात्री पाण्यात भिजवून भांडं थेट फ्रिजमध्ये. शुक्रवारी दुपारी हाताने कुस्करा किंवा मिक्सरला एकदाच फिरवा. बिया असतील तर मिक्सर नको, कडवटपणा उतरतो. मलमलच्या कापडातून पिळून गाळा. किद्दुशच्या पेल्यात किमान ८६ मिली लागतं, हे दोन घरांना पुरून उरतं. साखर घालू नका.

बिघडतं ते उष्णतेने. मनुकांच्या सालीवर नैसर्गिक यीस्ट असतं. ओट्यावर ठेवलेलं सरबत तिथल्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी फेसाळतं आणि आंबायला लागतं. ठाण्यात ते फेकून दिलं की झालं. कुवेत किंवा सौदीत घरात दारू गाळल्याचा संशय यायला फसफसणारी बंद बाटली पुरते. म्हणून फ्रिजबाहेर ठेवायचं नाही, दोन दिवसांवर ठेवायचं नाही, उरलं तर रविवारी ओतून टाकायचं.

दोन अख्ख्या भाकरींच्या जागी दोन अख्खे खुबूस (अरबी रोट्या) चालतात. पाकिटावर मैदा, पाणी, यीस्ट, मीठ एवढंच असलं पाहिजे. दूध आणि मांस आपल्याकडे एकत्र चालत नाही, म्हणून दूध पावडर असेल ते मटणाच्या घरात नको.

हलाल म्हणजे कोशेर नव्हे

डुक्कर नाही, रक्त नाही, देवाचं नाव घेऊन कापलेलं आहे, मग काय हरकत, असं पुष्कळ जण म्हणतात. हरकत अशी: आपल्याकडे कापणारा शिकलेला आणि मान्यता मिळालेला शोहेत हवा, सुरीला खाच नको, फुप्फुसं तपासायची, मांडीची नस आणि ठरावीक चरबी काढायची, मग अर्धा तास पाण्यात, तासभर खड्यांच्या मिठात, आणि तीनदा धुऊन. हलालमध्ये यातलं बहुतेक नाही. काही जण तडजोड करतात, तो ज्याचा त्याचा प्रश्न. सोपा मार्ग म्हणजे आखातात मासे आणि भाजीवर राहणं. एकच भांड्यांचा संच पुरतो, आणि ऑफिसात 'मी फक्त मासे आणि भाजी खातो' एवढं सांगितलं की कोणी पुढे विचारत नाही. दुबईत कोशेर केटरिंग आणि आयात केलेलं गोठवलेलं मांस मिळतं, पण महाग, सणापुरतं ठीक. विमानात केएसएमएल, म्हणजे कोशेर, जेवण किमान ४८ तास आधी सांगावं लागतं.

माशांची चैन आहे. सुरमईला अमिरातीत 'कनद' म्हणतात, कुवेतमध्ये पापलेटला 'झुबैदी'. हामूरही चालतो. कोळंबी, खेकडे, माकूळ, मुशी नाही, हे सांगायला नको. ओळख नसलेल्या माशाला एकच कसोटी: खवला नखाने सुटून यायला हवा आणि खालची कातडी फाटायला नको. बाजारात साफ करून देणारा त्याच पाट्यावर कोळंबीही सोलतो. म्हणून मासा अख्खा आणा आणि घरी कापा, निदान पाटा आणि सुरी समोर धुवून घ्या. कातडी काढलेले तुकडे घेऊ नका, ते कशाचे हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

तिथल्या ज्या गोष्टी ठाण्यात कधी समोर येत नाहीत त्यांनीच माणूस फसतो. पहिला उंट. उंटाचं दूध बाटलीत, आइस्क्रीममध्ये, भेट म्हणून मिळणाऱ्या चॉकलेटात असतं. ते आपल्याला वर्ज्य आहे. दुसरं जिलेटिन: दह्यात, मिठाईत, औषधाच्या कॅप्सूलमध्ये. 'हलाल जिलेटिन' म्हणजे डुकराचं नाही इतकंच. ई४४१ म्हणजे जिलेटिन, ई१२० किड्यापासून काढलेला लाल रंग, ई४७१ प्राणिज चरबीतूनही येतो. चीजमध्ये 'मायक्रोबियल रेनेट' (प्राणिज नसलेलं विरजण) लिहिलेलं बघा. आणि द्राक्षाचं व्हिनेगर टाळा, जे तिथे लोणची-सॅलडात सर्रास वापरतात.

सुपरमार्केटमध्ये अमेरिकन मालावर वर्तुळात यू अशी खूण दिसते, ती कोशेरची. भारतीय मालावरचा हिरवा ठिपकाही बराच उपयोगी: त्यात मांस, मासे, अंडं, जिलेटिन नसतं. पण पेसाहला, म्हणजे गहू-खमीर वर्ज्य असलेल्या सणाला, त्याच्यावर भरवसा ठेवू नका, हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात गहू असू शकतो.

पेसाहची एक गोष्ट मात्र आखातात ठाण्यापेक्षा सोपी. हारोसेतसाठी (पेसाहच्या जेवणातला खजुराचा गोड पदार्थ) खजूर उकळून आटवत बसायला नको, 'दिब्स' नावाने खजुराचा पाक बाटलीत मिळतो. घटकांत फक्त खजूर असलेली बाटली घ्या, काहींत साखरेचा पाक मिसळलेला असतो. मलिद्याला लागणारे पोहे, वेलची, गोठवलेलं खवलेलं खोबरं भारतीय दुकानात मिळतं. दहा जणांना अर्धा किलो पोहे आणि पाव किलो साखर पुरते.

रमजान

कुवेतमध्ये रमजानात दिवसा उघड्यावर खाणं-पिणं कायद्याने गुन्हा आहे: १०० दिनारपर्यंत दंड, महिन्यापर्यंत कैद. यात पाणी आणि सिगारेटही आली, आणि धर्म कोणता हे बघितलं जात नाही. गाडीत बसून घोट घेणं हेही उघड्यावरच. अमिरातीत सध्या वातावरण सैल आहे, तरी ऑफिसात आडोशाला खावं. तिथे खासगी नोकरांचे रोज दोन तास कमी होतात, मुस्लिमेतरांचेही; कोणी नाही म्हणालं तर एचआरला विचारा.

इफ्तारचं बोलावणं आलं तर जा. खजूर, फळं, पाणी, मासा यावर पोट भरतं आणि वर्षभराचे संबंध त्या तासाभरात बनतात. सामोसा विचारून घ्या. चीजचाही मटणाच्या तेलात तळलेला असतो. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतो. २०२६ मध्ये पुरीम (आपला मेजवानीचा सण) ३ मार्चला ऐन रमजानात आला. असं वर्ष असलं की दुपारची मेजवानी बंद दारामागे, गाणी-बजावणी नाही.

दाराबाहेर

रस्त्यावर तुम्ही आधी भारतीय दिसता. आडनावावरून लोक हिंदू समजतात, दानियल किंवा मूसा नावावरून कधी ख्रिस्ती, कधी मुसलमान. म्हणजे कोणाला काय सांगायचं हे तुमच्या हातात राहतं. सरकारी कागदावर पूर्ण खरं, शेजाऱ्याला ओळख झाल्यावर, टॅक्सीवाल्याला काहीच नाही. कोणी सरळ विचारलं तर 'भारतातला मराठी यहुदी' हे हिंदी, उर्दू, अरबी तिन्हींत कळतं आणि पुढचा प्रश्न बहुतेक कुतूहलाचा असतो. पॅलेस्टिनी किंवा लेबनॉनच्या सहकाऱ्याशी गाझाबद्दल वाद घालू नका. तुम्ही इस्रायलचे प्रवक्ते नाही आणि त्याच्या घरातलं कोण गेलंय हे तुम्हाला माहीत नसतं.

अमिरातीत धर्मावरून अपमान करणं हा गुन्हा आहे, तुमच्यासाठीही आणि तुमच्याविरुद्ध बोलणाऱ्यासाठीही. म्हणून तसलं काही झालं तर उलट उत्तर न देता तारीख, वेळ, साक्षीदार लिहून एचआरकडे द्या. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये अमिरातीत रब्बी झ्वी कोगन यांचं अपहरण करून खून झाला आणि मार्च २०२५ मध्ये तिघांना मृत्युदंड सुनावला गेला, हे विसरू नये. किप्पावर (डोक्यावरच्या छोट्या धार्मिक टोपीवर) साधी टोपी, गळ्यातला तारा शर्टाच्या आत, सिनेगॉगला रोज एकाच रस्त्याने नाही, आणि तिथे असताना फोटो किंवा लोकेशन टाकायचं नाही. अबू धाबीच्या सिनेगॉगला आधी नोंदणी आणि ओळखपत्र लागतं.

घरी दोन-चार कुटुंबं जेवायला जमली तर प्रश्न नाही. दर शनिवारी वीस जण, बाहेर चपलांचा ढीग आणि व्हॉट्सअॅपवर जाहीर आमंत्रण झालं की ते परवान्याशिवायचं प्रार्थनास्थळ ठरू शकतं. दहा जण जमले नाहीत तर कादिश, कदुशा आणि सेफेरवाचन (तोराहच्या गुंडाळीचं वाचन) हे भाग गाळून बाकीची तफिला (प्रार्थना) एकट्याने करता येते. हनुक्काचे दिवे खिडकीत ठेवायची गरज नाही. धोका असेल तिथे टेबलावर ठेवावेत अशी मुभा तालमुदातच आहे. गच्चीत मांडव घालून सुक्का उभारू नका, भाडेकरार मोडतो.

फोनबद्दल. अमिरातीतून इस्रायलचे नंबर २०२० पासून लागतात, पण व्हॉट्सअॅपवरचे कॉल तिथे चालत नाहीत, बोटिमसारखं परवानगी असलेलं अॅप लागतं. कुवेतमधून इस्रायलमधल्या दिमोना-अश्दोदच्या मावशीला फोन, पैसे, पार्सल काहीही नको. इस्रायलशी व्यवहार तिथे कायद्याने बंद आहे. तिची खुशाली ठाण्यातल्या घरामार्फत कळू द्या. आणि एक कलम बहुतेकांना माहीत नसतं: अमिरातीत परवान्याशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. सिनेगॉगच्या रंगकामासाठी ग्रुपवर 'प्रत्येकी शंभर दिरहम' असा मेसेज तिथून टाकू नका. स्वतःचे पैसे स्वतःच्या भारतातल्या खात्यात पाठवा आणि तिथून द्या.

जन्म आणि मृत्यू

मुलगा होणार असेल तर बाळंतपण ठाण्यात करा. सुंता आठव्या दिवशी व्हायला हवी, आणि तिथे जन्मलेल्या बाळाचा दाखला, पासपोर्ट आठ दिवसांत होत नाही. तिथल्या रुग्णालयांत सुंता रोजच होते, पण ती विधी नव्हे. विधी जाणणारा माणूस लागतो. तिथेच राहायचं असेल तर सातव्या महिन्यातच तिथल्या समाजाशी बोला. आखातातल्या ज्यूंची संघटना २०२१ मध्ये स्थापन झाली आहे आणि तिचं धर्मन्यायालयही आहे.

मृत्युपत्र निघण्याआधी करा. भारतात ज्यूंना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे: लेखी, सही, दोन साक्षीदार, आणि साक्षीदार लाभार्थी नकोत. अमिरातीत मुस्लिमेतरांसाठी २०२२ चा वेगळा व्यक्तिगत कायदा आहे, पण खातेदार गेल्यावर बँक खातं गोठवतेच. म्हणून जोडीदाराच्या नावे स्वतंत्र खातं आणि त्यात तीन महिन्यांचा खर्च ठेवा.

पार्थिव ठाण्याला आणायचं तर मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, रद्द केलेला पासपोर्ट, भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र आणि एम्बामिंगचं प्रमाणपत्र लागतं. एम्बामिंग आपल्या रीतीत बसत नाही, पण विमान कंपनी त्याशिवाय पेटी घेत नाही. ते नको असेल तर तिथेच दफन करावं लागतं, आणि त्यासाठी विश्वस्तांचं पत्र लागतं. त्या पत्राची एक मूळ प्रत तिथल्या खोलीत पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, दुसरी ठाण्याच्या घरी, आणि ती कुठे आहे हे सोबत राहणाऱ्या एकाला तरी सांगून ठेवा.